उपासाचं चालतं

२९ जून, रविवार. अकोला

डायरी लिहिणाऱ्या माणसांकडे मी आजवर संशयानंच पाहत आलो. ज्याला कामधंदा आहे तो कशाला लिहीत बसेल? पण गेला आठवडा डोकं नुसतं भिरभिरतंय, आणि प्राजक्ता म्हणाली, "माझं डोकं खाऊ नकोस आता. कुठेतरी लिहून काढ." बायकोची आज्ञा आहे, म्हणून लिहितोय.

परवापासून प्राजक्ता बँकेच्या अमरावती शाखेत रुजू होणार. सकाळच्या गाडीनं जाणं, संध्याकाळी परत. पुण्याहून आम्ही अकोल्याला आलो ते एप्रिलअखेर. बाबा गेले, डाळ मिल बघायला कोणी उरलं नाही, आणि एकुलता एक म्हणून माझ्या गळ्यात पडली. इथं आल्यापासून आचलचं खाणंपिणं प्राजक्ताच बघत होती. आता दिवसभर आई बघणार.

आचल तीन वर्षांची आहे. तिला प्रथिनं पचत नाहीत, असं मी लोकांना सांगतो आणि विषय बदलतो. खरं तर पचतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. पोटात गेली की सुटते, मणी मोकळे होतात. वीस प्रकारचे मणी असतात. त्यातला फिनाइलअ‍ॅलनिन नावाचा एक मणी आपलं शरीर कामापुरता वापरतं आणि उरलेला पुढे बदलून टाकतं. आचलच्या शरीराला ते जमत नाही, कारण ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिच्याकडे नाही. मग तो मणी रक्तात साठत जातो आणि मेंदूला खातो. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पथ्य पाळलं तर पोरगी चारचौघींसारखी वाढेल. नाही पाळलं तर बुद्धी हळूहळू कमी होईल, आणि गेलेली परत येणार नाही.

गंमत म्हणजे बी.एस्सी.ला अमरावतीत असताना हा सगळा धडा मला होता. सजीवांतले मूलभूत रेणू. कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं. चारपैकी तिनांवर टिपा लिहायच्या होत्या, आणि प्रथिनं मी ऑप्शनला टाकली होती. न्यूक्लिक आम्लात माझ्याकडे एक चूक होती, प्राजक्ताकडे तीच होती, आणि दोन्ही नेमक्या आचलच्या वाट्याला आल्या. वर पोटापाण्याचा धंदा कोणता, तर तुरीची डाळ.

आज आईला सगळं समजावून द्यायला बसलो. डाळ नाही, दूध नाही, अंडी नाही, भात-पोळी मोजून, ती आम्ही रात्री देऊ, सकाळ-संध्याकाळ डब्यातली औषधी पावडर पाण्यात. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. शेवटी म्हणाली, "अरे पन मंग दिवसभर पोरगी खाते काय? हे नाई, थे नाई. माह्या ध्यानात नाई राहत बाप्पा इतकं. चुकलं तं?"

तेव्हा मला एकदम सुचलं. साबुदाण्यात प्रथिन नावालाच. बटाट्यात कमी, रताळ्यात कमी. मी म्हटलं, "आई, हे बघ. तिचा रोजच उपास आहे असं समज. उपासाचं चालतं. फक्त दूध-दही नाही अन् शेंगदाणे नाहीत. संपलं."

आईचा चेहरा असा उजळला. "असं सांग ना मंग! हे तं मले पाठ आहे."

पन्नास वर्षं उपास करणाऱ्या बाईला आणखी काय समजावायचं? प्राजक्ता दोन महिन्यांत जे शिकवू शकली नाही ते मी एका वाक्यात शिकवलं. हे तिला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा तिनं उशी फेकून मारली.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. आज पहिल्यांदा असं झालं की घरातल्या सगळ्यांच्या ताटात तेच होतं जे आचलच्या ताटात. तिनं माझ्या ताटात पाहिलं, आजीच्या पाहिलं, मग प्राजक्ताच्या पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. मी उठून फोन आल्याचं सोंग केलं.

प्राजक्ता अमरावतीला जायला लागून आठवडा होत आला. घर बरं चाललंय. मी उगाच धसका घेतला होता.

१४ जुलै, सोमवार

मिलमध्ये पावसाची कटकट. भिजवलेली तूर वाळत नाही, आणि न वाळलेली तूर भरडली तर डाळ फुटते. चंद्रभान मिस्त्री म्हणतो, सूर्य निघेपर्यंत स्वस्थ बसा. मला स्वस्थ बसता येत नाही, हे त्याला दोन महिन्यांत कळलेलं नाही.

दुपारी घरी आलो तर घरभर खमंग वास. आई शेगडीसमोर बसून कढईत राजगिऱ्याच्या लाह्या फोडत होती आणि आचल प्रत्येक तडतडीला उडी मारत होती. मी आलो तशी धावत येऊन माझे खिसे तपासायला लागली. शर्टाच्या खिशात कायम डाळीच्या नमुन्यांच्या पुड्या असतात. त्यांचा खुळखुळ आवाज तिला आवडतो. आईनं गुळाचा गरम लाडू माझ्याही हातावर ठेवला. लहानपणी श्रावणात मिळायचा तसाच. घर आहे असं वाटलं, पुण्यात वाटायचं नाही तसं.

आचलच्या बोटाला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतले आणि कार्ड कुरिअरनं नागपूरला तपासायला पाठवलं. रडली. आजीनं कडेवर घेतलं तशी गप्प झाली.

२१ जुलै, सोमवार

नऊ.

रक्तातल्या त्या मण्याचं प्रमाण चारच्या आसपास असायला हवं, सहाच्या वर कधीच जाऊ नये. पुण्यात एकदाही गेलं नव्हतं. मी अहवाल उलटासुलटा करून पाहिला, नाव तपासलं. आचलचंच.

नागपूरच्या आहारतज्ज्ञ सीमा मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "दिवसभर काय खाते ते नीट सांगा."

"साबुदाणा, बटाटा, रताळं," मी म्हटलं.

"आणखी काही?"

"नाही. मी स्वतः ठरवून दिलंय."

"मग कुठूनतरी जातंय, नितेशजी. रक्त खोटं बोलत नाही. घरात आणखी कोण भरवतं?"

मी म्हटलं, माझी आई. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." त्यांचं ते 'बरं' मला दिवसभर पुरलं.

२३ जुलै

आईला विचारलं, शक्य तितक्या सहज. "आई, आचलला चुकून वरण-बिरण नाही ना गेलं?"

"नाई रे. तू सांग्तलं तेच देतो मी. उपासाचं."

चेहरा स्वच्छ होता. पण माझ्या लहानपणी डॉक्टरनं तेलकट बंद केलेलं असताना हीच आई मला लपवून भजी द्यायची, आणि बाबांनी विचारलं की असाच स्वच्छ चेहरा करायची.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. आचल बदललीय. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. आठवडाभरात तिनं दोनदा मला चावलं. एका जागी बसत नाही, खेळणं हातात घेते आणि फेकते, हाक मारली तर ऐकू न आल्यासारखी दुसरीकडे बघते. काल चित्रांचं पुस्तक घेऊन बसलो. महिन्यापूर्वी मोर, हत्ती, सगळं सांगायची. काल हत्तीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग पुस्तक फाडलं.

मला धड बसता येईना. गच्चीवर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. हत्ती शब्द तिला आठवत नव्हता की सांगायचा नव्हता? हे कोण सांगणार मला?

आईचंही काहीतरी बिनसलंय. ती हल्ली आचलच्याच ताटात जेवते. तेच साबुदाणा-बटाटा. मी वरण वाढायला गेलो तर म्हणाली, "मले नको वरन." सोमवार ठीक आहे, पण मंगळवारीही नको, बुधवारीही नको. डाळ मिलवाल्याच्या घरात जन्म गेला आणि आता वरणाकडे बघत नाही. माणसाच्या मनाला काहीतरी खात असलं की तो ज्या गोष्टीत चूक झाली तिच्यापासून लांब पळतो. मला असं वाटतं. प्राजक्ताला वाटत नाही.

"आई खोटं बोलत नाहीत, नितेश."

"मग नऊ कुठून आलं?"

"मला माहीत नाही. पण तू त्यांच्याकडे असं बघू नकोस. त्यांना कळतं."

४ ऑगस्ट, सोमवार

आचलचा फ्रॉक काढताना खिशातून तुरीच्या डाळीचे चार दाणे पडले.

मी ते मुठीत धरून कितीतरी वेळ मोरीत उभा होतो. आईला दाखवले नाहीत. आज नवं कार्ड पाठवलंय. अहवाल येऊ दे.

मला राग आलाय, आणि त्याहून वाईट म्हणजे मला बरं वाटलं. निदान शत्रू कोण ते कळलं, असं काहीसं. स्वतःच्या आईबद्दल हा शब्द लिहितोय. खोडत नाही. डायरीत खोटं लिहायचं तर मग कशाला लिहायची?

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल अहवाल आला. तेरा.

मी मिलमधून तसाच घरी आलो. आई ओट्यापाशी भगर धूत होती. आचल खाली बसून डबे आपटत होती. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की स्वयंपाकघरातले तुरीचे, हरभऱ्याचे, मुगाचे सगळे डबे मी उचलले, आतल्या खोलीच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. ते दाणे तिच्यासमोर ओट्यावर टाकले.

"हे तिच्या खिशात कसे आले, आई?"

आई दाण्यांकडे बघत राहिली. "मले नाई माईत. मी डाळ नाई देल्ली तिले. आचलची आन."

"तिची शपथ घेऊ नको!" मी ओरडलो. "तिची शपथ घ्यायची नाही. तुला वाटतं, पोरगी बारीक आहे, एक वाटी वरणानं काय होते? तिचं डोकं जाते, आई! तू तिले प्रेमानं मारून राहिली!"

आचल रडायला लागली. आईनं ओले हात पदराला पुसले. तिच्याकडे गेली नाही. कपाटाकडे बघून एवढंच म्हणाली, "कुलूप लावलं? माह्यासाठी?"

आज सकाळी तिनं पिशवी भरली होती. "आशाबाईकडे जातो," म्हणाली. आशाबाई म्हणजे माझी मावशी, नांदगाव खंडेश्वरला असते. मी गाडी काढतो म्हटलं. "एसटी आहे," म्हणाली. प्राजक्तानं हात धरला तिचा, खूप विनवलं. आई तिला म्हणाली, "नाई माय. मी घरात नसली म्हंजे याले समजन का मी देत होती का नाई. पोरीसाठीच जाऊन राहिली."

उद्या राखी. मावशीकडे जायचं निमित्त लोकांना सांगायला बरं आहे.

१२ ऑगस्ट

मिल चंद्रभानवर सोडून घरी बसलोय. स्वयंपाक मीच करतो. वजनकाट्यावर बटाटा मोजतो, साबुदाणा मोजतो. आचल दारात जाऊन बसते आणि "आजी ये" म्हणते. दिवसातून कितीदा, ते मोजत नाही.

प्राजक्ता माझ्याशी कामापुरतं बोलते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गेल्या आठवड्यात पाठवलेल्या कार्डाचा अहवाल आला. सहा!

तेरावरून सहा. आई गेल्यापासून इतक्यात. मी मिलमध्ये अक्षरशः हात वर करून ओरडलो. चंद्रभानला वाटलं तुरीचा भाव वाढला. सिद्ध झालं. मी म्हणत होतो तेच खरं होतं.

संध्याकाळी प्राजक्ता घरी आल्या आल्या तिच्यापुढे अहवाल धरला. ती वाचून खुर्चीवर बसली आणि रडली. आनंदानं रडली असेल. मग म्हणाली, "आता त्यांना काय सांगणार आहेस?"

"काही नाही. तिला माहीतच आहे."

एवढा मोठा दगड छातीवरून उतरला, तरी मला जेवण गेलं नाही. सारखं उठून दाराची कडी बघतोय.

२० ऑगस्ट, बुधवार

जमेल तसं लिहितो.

सकाळपासून आचल एकच हट्ट धरून बसली होती. "आजीचा लाडू." पोरगी शांत होत चाललीय, डोळ्यांत बघते, परवा हत्तीला हत्ती म्हणाली. म्हटलं मागतेय तर देऊ एक लाडू. आईच्या हातचा नाही तर विकतचा. गुळाचाच तर आहे, उपासाचा. कोपऱ्यावरच्या दुकानात श्रावणाचा माल अजून मांडलेला होता. राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट घेतलं आणि सवयीनं उलटं करून मागचं बारीक छापलेलं वाचलं. आचल झाल्यापासून पाकीट उलटं केल्याशिवाय मी काही घेत नाही. काडेपेटीसुद्धा उलटी करून बघतो म्हणून प्राजक्ता हसते.

प्रथिनं होती. भरपूर. गूळ धरूनसुद्धा.

दुकानदाराला नुसता राजगिरा मागितला. त्याच्या पाकिटावर गव्हापेक्षा जास्त आकडा होता. मग भगरीचं पाकीट पाहिलं. तांदळाएवढं. तो म्हणाला, "साहेब, काय शोधून राहिले? फ्रेश आहे सगळं."

घरी येऊन स्वयंपाकघरातले आईचे डबे उघडले. हे डबे मी कुलपात ठेवले नव्हते, कारण ते उपासाचे होते. एकात राजगिरा, काठापर्यंत. एकात भगर. घरच्या डब्यावर काही छापलेलं नसतं. त्या दिवशी मी स्वतः तो लाडू खाल्ला होता. तिच्यासमोर. खाताना मला घर आहे असं वाटलं होतं.

राजगिरा उपासाला चालतो. भगर चालते. अख्ख्या वऱ्हाडात कोणालाही विचारा. मी दूध-दही आणि शेंगदाणे वगळले, आणि वर म्हणालो, संपलं.

आईनं एक कणही चुकवला नाही. मी जे सांगितलं ते तिनं जसंच्या तसं केलं. आणि श्रावण लागल्यावर जास्त केलं.

२१ ऑगस्ट

सीमा मॅडमना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, चढ काही आठवड्यांचा होता, वेळेत उतरला, बहुतेक कायमचं काही राहणार नाही. लक्ष ठेवा. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" त्या म्हणाल्या, "बहुतेक म्हणजे बहुतेक."

प्राजक्ताला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "मीही त्याच घरात होते. मीही तो लाडू खाल्ला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तिच्या खिशात डाळ कुठून आली ते तरी कळलं का तुला? तुझे शर्ट मी धुवायला टाकते. रोज खिशातून डाळ निघते."

हे मला कळायला हवं होतं. खिसे माझेच.

"उद्या जा आणि त्यांना घेऊन ये," ती म्हणाली.

पण काय सांगून आणू? दिवसभर हेच घोळतंय. नुसतं म्हटलं की आई, तू डाळ दिली नाहीस, माझी चूक झाली, चल घरी, तर ती येईल. आनंदानं येईल. आणि दुसऱ्या दिवशी राजगिऱ्याच्या लाह्या फोडायला बसेल. म्हणजे ते सांगावंच लागणार. आणि ते सांगितलं म्हणजे तिला कळणार की पोरीच्या तोंडात ते तिच्याच हातानं गेलं.

मी तिच्यावर खोटा आळ घेतला. आता तिथं जाऊन तो खरा करायचा आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. मिल बंद. रस्ता रिकामा, गाडीत डिझेल. गेलो नाही. सणाच्या दिवशी कशाला, असं प्राजक्ताला म्हटलं. भित्रा आहे मी.

२४ ऑगस्ट, रविवार

आज गेलो. प्राजक्ता आणि आचल घरी राहिल्या. बडनेऱ्यापर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो, पुढे सगळी विसरलो.

आई मावशीच्या अंगणात बाजेवर अंबाडीची भाजी निवडत होती. वाळली होती. मला पाहून तिनं पहिलं विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"चांगली आहे. सहावर आलं."

"आलं का?" तिचे हात थांबले. मग परत भाजी निवडायला लागली. "म्हंजे मी नसली तं बरं राहते तिले."

मावशीनं ताटं वाढली. आईला म्हणाली, "आता तरी वरन घे वं बाई. पोरीसंगं तुह्याही जिवाचे हाल." मग माझ्याकडे वळून, "महिना होऊन गेला, डाळीचा घास नाई घेतला हिनं. म्हने, पोरगी एकटी येगळं खाते, तिले कसं वाटत असन." आई म्हणाली, "तू गप वं." मी ताटाकडे बघत बसलो.

जेवण झाल्यावर मावशी आत गेली. मी म्हटलं, "आई, तू डाळ दिली नाहीस. मला समजलं आता. मी चुकलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तो चेहरा सैल झालेला पाहिला. "मी सांगत होती ना तुले," ती म्हणाली. रागानं नाही. डोळे भरून आले तिचे. "मले वाटलं आता मरेपर्यंत तुले खरं नाई वाटत."

तिथं थांबावंसं वाटलं. फार वाटलं. एक दिवस तरी तिला तेवढंच घेऊन राहू द्यावं. पण मग संध्याकाळी घरी, आणि उद्या सकाळी कढई.

मी सांगितलं. राजगिरा, भगर, सगळं. घाईघाईनं सांगितलं, प्रत्येक वाक्यात माझी चूक, माझी चूक म्हणत. मी उपासाचं म्हटलं, मला माहीत नव्हतं, मी विचारलं नाही, मी पाहिलं तरी मला दिसलं नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच देल्लं."

"तू नाही. मी सांगितलं होतं तसं..."

"तू सांग्तलं रे. पन हात कोनाचा होता?" तिनं हात पुढे केले नाहीत, काही नाही. मांडीवर होते तसेच ठेवले. "रोज दोन लाडू देत होती मी. तिसरा मांगे तं तिसरा. तेवढंच पोरीच्या पोटात जाते म्हनून."

"आई..."

"तू इतकं बोलला तवाही मले झोप येत होती, नितेश. मले माईत होतं ना, मी काई नाई देल्लं. बोलू दे म्हटलं त्याले, पोरीपायी बोलते." ती थांबली. "आता कशी येईन?"

मला रडू आवरलं नाही. तिथंच, अंगणात, चाळिशीला आलेला माणूस. तिनं मला गप्प केलं नाही, रागावलीही नाही. थोड्या वेळानं विचारलं, "तिच्या डोक्याले काई झालं का?"

"नाही."

"पक्कं?"

"बहुतेक नाही."

ती उठली आणि पिशवी भरायला आत गेली. "चाल," म्हणाली. "पोरगी वाट पाहत असन."

गाडीत मूर्तिजापूरपर्यंत तिनं पिशवी मांडीवर धरून ठेवली. मग एकदाच, बाहेर बघत म्हणाली, "साबुदाना तरी चालते ना?" मी चालतो म्हटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज आचल आजीला सोडायला तयार नाही. पदर धरून मागे मागे. काल दारात आईला पाहिलं तेव्हा किंचाळलीच होती, आणि पहिला शब्द, "लाडू." आई खाली बसली, तिला पोटाशी धरलं, आणि म्हणाली, "आजीले येत नाई आता लाडू." आचल हसली. तिला वाटलं आजी थट्टा करतेय.

राजगिऱ्याचा आणि भगरीचा डबा आईनं सकाळीच स्वतः रिकामा करून शेजारी देऊन टाकला. डाळीच्या कपाटाचं कुलूप मी काढलं तर म्हणाली, "राहू दे." मी म्हटलं नाही राहणार, आणि डबे जागेवर आणून ठेवले. त्यांना तिनं हात लावला नाही.

प्राजक्तानं आज रजा टाकली होती. दुपारी आचलचं ताट तिनंच केलं आणि आईपुढे ठेवलं. "भरवा ना, आई." आईनं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. "तूच भरव." मी भरवायला गेलो तर आचलनं तोंड घट्ट मिटलं आणि आजीकडे बोट केलं. आई भिंतीकडे बघत होती. शेवटी प्राजक्तानं कसंबसं चार घास घातले.

मी कितीदा सांगितलं की चूक माझी होती. ती ऐकते, मान हलवते. पण मी जे म्हणतोय ते तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि ते कसं पोचवायचं ते मला माहीत नाही. आचलचं रक्त पुढच्या आठवड्यात मोजता येईल.

संध्याकाळी मी पेपर वाचत होतो. आचल खेळून आली, घामाघूम, आणि आजीच्या मांडीत बसली. "आजी, पाणी." आईनं माठातून ग्लास भरून आणला, तिच्या तोंडाशी नेला, आणि तिथंच थांबली. आचल ओठ पुढे करून बसलेली. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"हे चालते का रे?"

"पाणी आहे ते, आई. चालतं."

"पाहून सांग."

मी उठलो. ग्लास तिच्या हातातून घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि म्हटलं, "चालतं." मग तिनं तो परत घेतला आणि आचलला पाजला.